मालमोटार-चालकांची निद्रा : कामाचे तास, विश्रांतीचे नियम आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या त्रयोपस्तंभांचा अभ्यास आपण सर्वांनी केलेला आहे. तथापि प्रत्यक्ष चिकित्सालयात आहाराविषयी दहा प्रश्न विचारणारा वैद्य निद्रेविषयी ‘झोप लागते का?’ एवढाच प्रश्न विचारून पुढे जातो. आमचाही परिपाठ असाच होता. मुंबई-आग्रा महामार्गालगत व्यवसाय करताना आलेल्या एका अनुभवाने तो बदलला. त्या अनुभवाच्या निमित्ताने मालमोटार-चालकांच्या कामाचे तास, त्यांच्या विश्रांतीचे नियम व निद्रेचे शास्त्र यांचा जो अभ्यास घडला, तो वैद्यबंधू-भगिनी व औषधालयचालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

रुग्णानुभव

पंचेचाळिशीचा एक चालक शिरःशूल, अनिद्रा व वाढलेला रक्तदाब या तक्रारी घेऊन आमच्याकडे आला. प्रकृती वातपित्तप्रधान, मलावष्टंभ, नेत्र आरक्त. आम्ही सर्पगंधायुक्त वटी योजिली आणि पुडीवर नेहमीप्रमाणे लिहिले, ‘रात्री झोपताना दोन गोळ्या’. महिनाभराने तो परत आला, तेव्हा त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. पहाटे तीनच्या सुमारास गाडी रस्ता सोडून खाली गेली होती. तो बचावला, बरोबरच्या तरुण क्लीनरचा पाय मात्र कायमचा अधू झाला.

चौकशीत कळले, की त्या दिवशी तो सकाळी सातला उठला, दिवसभर भिवंडीच्या गोदामाबाहेर माल भरण्याची वाट पाहत राहिला आणि सायंकाळी इंदूरकडे निघाला. रात्री नऊ वाजता ढाब्यावर जेवून त्याने आमच्या गोळ्या घेतल्या आणि पुन्हा चाकामागे बसला. पुडीवर ‘रात्री’ असे लिहिले होते. त्याने रात्री घेतल्या. ‘झोपताना’ या शब्दाला त्याच्या दिनक्रमात त्या दिवशी जागाच नव्हती. तक्रार करण्यासाठी तो आलाच नव्हता. त्याने विचारले ते एवढेच, “डॉक्टरसाहेब, त्या गोळ्या चालू ठेवू ना? त्यांनी झोप छान येते.”

केवळ त्या गोळ्यांमुळे अपघात घडला असे आम्ही म्हणू शकत नाही; तो वीस तास जागा होता. परंतु त्याची रात्र कोणती, हे आम्ही विचारले नव्हते, एवढे निश्चित.

जागरणाचा परिणाम

ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन व कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हातांची व दृष्टीची सुसूत्रता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी ठरविलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मद्याचा थेंबही न घेतलेला, परंतु सतरा तास जागलेला चालक त्या मर्यादेपलीकडे गेलेल्या माणसाप्रमाणे गाडी चालवीत असतो. मद्य श्वासातून तपासता येते. जागरण तपासण्याचे यंत्र नाक्यावर नसते.

शिवाय शरीराची सावधता दिवसभर सारखी नसते. उत्तररात्री साधारण दोन ते सहा या काळात ती सर्वांत खालावते आणि दुपारी पुन्हा थोडी उतरते.

आपल्याकडील नियम

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या मार्गांवर ती दहा व चोपन्न तासांपर्यंत वाढविता येई. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तास विश्रांती आणि आठवड्यास एक सुटी, अशी तरतूद होती. मात्र हा कायदा पाच वा अधिक परिवहन कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू असल्याने एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कागदावरचा नियम आणि गोदामाबाहेर ताटकळणारा चालक यांतील अंतर आपण महामार्गालगतचे वैद्य रोज पाहतो.

अमेरिकेतील नियमांपासून बोध

विश्रांतीचे गणित अत्यंत तपशिलाने मांडण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. त्याचे गुण व उणीव, दोन्ही आपल्या विषयास उपकारक आहेत.

तेथील मालवाहू चालकास सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतर अकरा तास गाडी चालविता येते. पण ते अकरा तास कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आतच संपले पाहिजेत. माल भरण्याची प्रतीक्षा सामान्यतः या चौदा तासांतच मोजली जाते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत याच प्रतीक्षेने दिवस खाल्ला होता. आठ तास गाडी चालविल्यानंतर अर्ध्या तासाचा खंड आवश्यक असतो. याखेरीज सात दिवसांत साठ किंवा आठ दिवसांत सत्तर तास काम, ही एकत्रित मर्यादा आहे. नोंद हाताने लिहिण्यात लबाडी होई, म्हणून डिसेंबर २०१७ पासून बहुतेक गाड्यांत इंजिनाला जोडलेले इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बंधनकारक झाले.

सत्तर तास संपले की काय? येथे ‘पुनरारंभा’चा नियम येतो. २००३ साली केलेल्या सुधारणेनुसार चालकाने सलग चौतीस तास काम थांबविले, तर आठवड्याचा हिशेब शून्यावर येतो.

आता दोन चालकांची उदाहरणे घेऊ. पहिला शुक्रवारी रात्री आठला थांबला. त्याचे चौतीस तास रविवारी सकाळी सहाला पुरे होतात व त्याला दोन पूर्ण रात्री मिळतात. दुसरा रात्रभर गाडी चालवून शुक्रवारी सकाळी सहाला थांबला. त्याचे चौतीस तास शनिवारी दुपारी चारलाच संपतात आणि त्याच्या वाट्याला एकच रात्र येते. नोंदयंत्राच्या लेखी दोघेही सारखेच ताजेतवाने! ही उणीव ओळखून १ जुलै २०१३ पासून या चौतीस तासांत पहाटे एक ते पाच असे दोन कालखंड आलेच पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. वाहतूकदारांचा आक्षेप असा, की त्यामुळे कामाचे तास घटतात आणि पहाटे पाचनंतर असंख्य गाड्या एकदम रस्त्यावर येतात. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील संसदेने ती अट स्थगित केली व नंतर ती पुन्हा लागू झाली नाही. तास मोजणे कायद्याला साधले. काळ मोजणे साधले नाही.

शास्त्रीय विवेचन

हा ‘काळ’ आपल्या शास्त्रात मात्र मध्यवर्ती आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रेचे जे प्रकार सांगितले, त्यांत रात्रिस्वभावातून उद्भवणारी निद्राच भूतधात्री, म्हणजे प्राणिमात्रांचे धारण-पोषण करणारी मानली आहे. रात्रिजागरण रूक्ष असून वातप्रकोप करते, तर दिवास्वाप स्निग्ध असून ग्रीष्मावाचून कफपित्त वाढवितो. सबब रात्री गमावलेली झोप दिवसा तितकेच तास घेऊन भरून निघते, असे मानता येत नाही.

तरीही आचार्य व्यवहार विसरले नाहीत. दिवास्वापास योग्य व्यक्तींच्या यादीत प्रवासाने कृश झालेले, तसेच वाहन व जागरण यांनी थकलेले यांचा स्वतंत्र निर्देश आहे. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, असेही सांगितले आहे. वाग्भटाचार्यांचा नियम तर पुनरारंभाचाच आहे : जितका काळ अनुचित जागरण झाले, त्याच्या निम्मा काळ सकाळी निजावे, आणि तेही जेवणापूर्वी. आपले चालक नेमके उलटे करतात. पहाटे गाडी लावून भरपेट तेलकट जेवण घेतात व मग दुपारपर्यंत झोपतात. स्थौल्य, आम्लपित्त व मलावष्टंभ यांचे एक मूळ येथे आहे.

निद्रा हा अधारणीय वेगही आहे. तिच्या धारणाने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व नेत्रगौरव उत्पन्न होतात. आमच्या रुग्णाचा शिरःशूल याच मालिकेतला होता; आम्ही रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहून थांबलो.

चिकित्सासूत्र

१. प्रत्येक चालकास पुढील प्रश्न विचारावेत : शेवटची सलग झोप केव्हा व किती घेतली? पुढची फेरी केव्हा आहे? जेवणाची वेळ कोणती? जागे राहण्यासाठी काय घेता? घरच्या मंडळींनी घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे पाहिले आहे काय?

२. स्थूल, मोठ्याने घोरणारा व दिवसा पेंगणारा चालक झोपेतील श्वासरोधाच्या तपासणीसाठी अवश्य पाठवावा. चरकाचार्यांनी स्थौल्य व निद्रा यांचा विचार एकाच अध्यायात केला, हे येथे लक्षात घ्यावे.

३. चौतीस तासांची सुटी शोधनास पुरेशी नाही. स्नेहपानाचे तीन ते सात दिवस, विरेचन व नंतरचा संसर्जनक्रम यांसाठी खरी रजा लागते. दोन दिवसांच्या सुटीत अभ्यंग, पादाभ्यंग, उष्णोदक स्नान, शिरोभ्यंग, रात्री सोसेल तसे म्हशीचे दूध व अंधारी, शांत खोली एवढेच योजावे. सुटीतील दोन्ही रात्री घरी जाव्यात, असा आग्रह धरावा.

४. रात्रीची फेरी संपल्यावर प्रथम झोप, नंतर जेवण. भूक अनावर असल्यास केवळ पेज घ्यावी.

५. पेंग आल्यास गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे डुलकी घ्यावी आणि जागे झाल्यावर काही मिनिटे चालून मगच निघावे. चहा झोप पुढे ढकलतो. तिचे ऋण फेडीत नाही.

६. रक्तदाब वा मधुमेहाची चालू औषधे चालकाने परस्पर बंद करू नयेत, हे स्पष्ट सांगावे.

औषधालयचालकांसाठी

सर्पगंधा, जटामांसी व तगर यांची योजना असलेली औषधे देताना ‘रात्री’ हा शब्द पुरेसा नाही. पाकिटावर ‘गाडी थांबवून सलग झोप घेणार असाल तेव्हाच, घेतल्यावर गाडी चालवू नये’ असे मराठी व हिंदीत लिहावे आणि तोंडीही सांगावे. अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रसासारखे कल्प ‘थकवा जाण्यासाठी’ मागणारे चालक आपणांस भेटतात. अहिफेन व भांग ही अनुसूची ई (१) मधील द्रव्ये आहेत. त्यांचे कल्प वैद्याच्या पत्राविना मुळीच देऊ नयेत. ग्राहक दुसऱ्या दुकानात जाईल, तो गेला तरी चालेल. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, म्हणून तेही चाकामागे बसण्यापूर्वी देऊ नयेत.

उपसंहार

कायद्याने तास ठरवावेत, मालकाने ते पाळावेत, हे खरेच. परंतु पुडीवरची दोन अक्षरे आपल्या हातात आहेत. त्या चालकास आम्ही ती वटी पुन्हा दिली नाही. त्याची फेऱ्यांची वही मागवून घेतली आणि औषध, जेवण व झोप यांच्या वेळा तिच्यात लिहून दिल्या. तेव्हापासून आमच्या रुग्णपत्रिकेत वय व व्यवसाय यांच्याखाली एक नवा रकाना आहे : ‘आपली रात्र केव्हा असते?’ प्रत्येक वैद्याने तो आपल्या पत्रिकेत घालावा, एवढीच विनंती.