लस घेताना लिथियम थांबवावं का?

प्रश्न : भाऊ मानसिक आजारावर लिथियम घेतो. फ्लूच्या लशीआधी दोन दिवस गोळी बंद ठेवू का?

उत्तर : अजिबात नाही. लस आणि लिथियम यांचं थेट वैर नाही. गोळी चुकली तर मात्र आजार उलटू शकतो.

खरं जपायचं ते लशीनंतरच्या अंगदुखीवर घरच्या डब्यातून काढलेल्या गोळीपासून. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं, आणि रक्तातली पातळी तर साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रतिलिटर एवढ्याच अरुंद पट्ट्यात हवी असते. म्हणून तापाला पॅरासिटामॉल द्यावं, पाणी भरपूर पाजावं, जेवणातलं मीठ एकदम तोडू नये. कपातला चहा बशीत सांडेल इतका हात थरथरू लागला, उलट्या झाल्या, चाल डगमगली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून पातळी तपासावी.

क्लोझापिन हे मानसिक आजारावरचं दुसरं औषध घेणाऱ्यांच्या घरी थोडी जास्त नजर हवी. शरीरात दाह वाढला की हे औषध मोडणारं यकृतातलं विकर मंदावतं; कोविडच्या लशीनंतर काही रुग्णांत पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत. लशीनंतरच्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली तर डॉक्टरांना कळवावं.

लस मात्र टाळू नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना कोविडने मृत्यूचा धोका इतरांहून जास्त होता.