नरडाण्याहून निघताना : निवृत्तीनंतरच्या प्रवासाची आखणी

निवृत्तीनंतर कुठे जायचं, हे बहुतेक घरांत शेजारी ठरवतात. समोरचे चारधाम करून आले की आपणही चारधाम. व्याह्यांनी दुबई केली की मुलाला फोन. नाहीतर दुसरं टोक : ‘आते काय फिरानं वय शे का?’ म्हणत ओट्यावर बसून राहायचं. या दोन्हींच्या मधली रीत इथे देतो. ती नरडाणा, बेटावद, शिंदखेडा या पट्ट्यातल्या माणसाला धरून आहे. तो झेडपीचा गुरुजी असो, एसटीचा कंडक्टर असो, एमआयडीसीतला कामगार असो, की मुलाच्या हाती शेती सोपवलेला शेतकरी असो.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. नरडाण्याला पूर्व-पश्चिम सुरत-भुसावळ रेल्वे आणि दक्षिणोत्तर आग्रा रोड जवळजवळ एकत्र येतात. चारी दिशा गावातूनच फुटतात. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या जाहिराती पाहून बेत आखायची आपल्याला गरज नाही.

पहिलं काम : न जाण्याचे दिवस खोडा

भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि लाल पेन घ्या. जायचे दिवस शोधू नका, आधी न जाण्याचे खोडा. आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा आई-बाप घरी हवेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. पुण्या-सुरतेची भावकी गावात येते, रोट खायला सगळे एका घरात जमतात. त्या आठवड्यात मोठी माणसं गावाबाहेर असली तर वर्षभर बोलणी खावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. भर दुपारी स्टेशनवर सामान ओढण्याचे हे दिवस नव्हेत. घरी कापूस असेल तर दिवाळीच्या आगेमागे वेचणी असते, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून म्हाताऱ्यांनाच राखणीला बसवतात.

पेन्शनरांसाठी आणखी एक खोडणी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता आधार कार्डावरून, मोबाईलमध्ये चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ काढता येतं, पण बोटाचे ठसे उमटत नाहीत, चेहरा जुळत नाही, अशा अडचणी शेवटच्या आठवड्यातच निघतात. दाखला आधी, प्रवास नंतर.

एवढं खोडून झाल्यावर बहुतेकांकडे दोन मोकळे तुकडे उरतात : संक्रांतीनंतरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा आणि पितृपक्षाच्या आसपासचा. पितृपक्षात आपल्याकडे निघायचं टाळतात. ज्यांना त्याचं वावडं नाही त्यांना ठिकठिकाणी गर्दी कमी मिळते.

दुसरं : पायऱ्या मोजा, किलोमीटर नव्हे

साठीनंतर ठिकाण किती लांब आहे यापेक्षा शेवटचा टप्पा किती चढायचा आहे, हे महत्त्वाचं. काशी शेकडो किलोमीटर दूर आहे, पण गाडीत झोपून जाता येतं. गिरनार त्यामानाने जवळ आहे, आणि गुडघे तिथेच बोलतात.

गिरनारचंच घ्या, कारण आपल्याकडे दत्तभक्त घरोघरी आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे रोपवे सुरू झाला आणि ‘आता गिरनार सोपा झाला’ असं लोक म्हणू लागले. अर्धवट खरं आहे. रोपवे अंबाजीपर्यंत नेतो, म्हणजे सुमारे ५,००० पायऱ्या वाचतात. दत्तशिखर त्याच्याही पुढे आहे. तिथे जायला हजारो पायऱ्या उरतात, आणि त्यात वर चढून खाली उतरायचं, पुन्हा चढायचं, मग तोच रस्ता परत. शिवाय जोराचा वारा असला की रोपवे बंद ठेवतात. ज्याला एवढं जमणार नाही त्याने अंबाजीवरून दत्तशिखराकडे हात जोडावेत. त्यात कमीपणा नाही. याउलट वणीला सप्तशृंगीची ट्रॉली २०१८ पासून आहे, ती जवळपास देवीच्या पायाशी सोडते. काठी धरून चालणाऱ्यालाही वणी होते.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चढ. बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर, पण तिथे गाडी जाते. दम लागणाऱ्याने, बीपीवाल्याने चारधामचा हट्ट न धरता एकट्या बद्रीनाथचा विचार करावा, तोही डॉक्टरांना विचारून. अमरनाथला सत्तरीपुढच्यांना परवानगीच नाही, आणि खालच्यांनाही आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे.

स्वतःची परीक्षा घरीच घ्या. एखाद्या स्टेशनचा पूल हातात पिशवी घेऊन चढा-उतरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते पाहा. चढताना दम लागतो, दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं.

यावरून माझं एक ठाम मत झालं आहे : जे अवघड आहे ते आधी उरका. लोक उलटं करतात. निवृत्त झाल्यावर पहिली चार वर्षं जवळजवळची देवळं, आणि सत्तरीला आल्यावर केदारनाथ. मुडावदचा कपिलेश्वर, तापीकाठचं प्रकाशा, एरंडोलजवळचं पद्मालय, अमळनेरचं मंगळग्रह मंदिर कुठे जात नाहीत. ती ऐंशीतही होतात.

तिसरं : दोघांच्या दोन याद्या

नवऱ्याने एका कागदावर आणि बायकोने दुसऱ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, पाच-पाच ठिकाणं लिहा. लिहिताना फक्त देव लिहायचे नाहीत. सुरतला उधना-लिंबायतकडे आपली किती माणसं आहेत! बहीण, मावसभाऊ, कुणाची तरी लेक. चाळीस वर्षं ‘येऊ, येऊ’ म्हणत राहिलेली घरं यादीत आली पाहिजेत. मग याद्या जुळवा. दोन्हीकडे आलेलं ठिकाण पहिलं.

जोडीदार गेलेला असेल तर यादी एकट्याची. पण जाणं एकट्याचं असू नये. भजनी मंडळ, बचत गट किंवा ज्येष्ठ नागरिक संघातली चार माणसं धरा. खोलीत रात्री कुणीतरी सोबत हवं, एवढाच त्याचा अर्थ.

चौथं : दिशा निवडा

पूर्वेकडे गाडी अमळनेर, जळगाव, भुसावळ करत जाते. सुरत-छपरा ताप्ती गंगा एक्सप्रेस याच मार्गाने काशीकडे जाते, अहमदाबाद-पुरी जगन्नाथाकडे आणि नवजीवन एक्सप्रेस थेट चेन्नईला. दिल्लीकडच्या गाड्या भुसावळहून मिळतात. लांब पल्ल्याच्या गाड्या नरडाण्याला थांबतात असं धरून चालू नका. अमळनेर, जळगाव किंवा भुसावळहून चढायची तयारी ठेवा. जळगावला उतरून अजिंठाही करता येतो. लेणी सोमवारी बंद असतात, हे मात्र विसरू नका.

पश्चिमेला नंदुरबार, सुरत आणि पुढे गुजरात : सोमनाथ, द्वारका, केवडियाचा १८२ मीटर उंच सरदार पटेलांचा पुतळा. या दिशेला सुरतचा मुक्काम घ्या. नातेवाईकही होतात आणि एका दमात लांबचा प्रवासही टळतो.

दक्षिणेला धुळे. एकवीरा देवी तर आहेच, पण इतिहासाची आवड असणाऱ्याने राजवाडे संशोधन मंडळही पाहावं. आयुष्यभर बसने त्याच्यासमोरून गेलेले कितीतरी लोक आत गेलेले नसतात. पुढे नाशिक, त्र्यंबक. २०२७ च्या पावसाळ्यात तिथे सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. गर्दी सोसत नसेल तर तो काळ सोडा.

उत्तरेला शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा आणि मग नर्मदा. ही दिशा पहिल्या प्रवासासाठी सगळ्यांत चांगली.

पाचवं : तीन रात्रींची तालीम

लांबचा बेत आखण्याआधी महेश्वर-ओंकारेश्वर करून या. धामनोदहून महेश्वर जवळ आहे. एक रात्र महेश्वरला, दोन ओंकारेश्वरला. श्रावण, सोमवार आणि अमावास्या टाळा. महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आणि खाली नर्मदेचा लांबरुंद घाट आहे. पायऱ्या आहेत, पण रुंद आहेत, दमलं की बसता येतं. संध्याकाळी घाटावर बसा. हातमागाच्या साड्या दिसतीलच, त्यांचे पैसे प्रवासखर्चात धरू नका, वेगळे ठेवा, म्हणजे भांडण होत नाही. ओंकारेश्वरला झुलता पूल ओलांडून देऊळ आहे. गाभारा अरुंद आहे, गर्दीत जपून.

या तीन रात्रींत देवापेक्षा स्वतःकडे लक्ष द्यायचं. परक्या गादीवर झोप येते का? खाली बसायचा संडास जमतो का, की कमोडवालीच खोली लागते? साखरेची गोळी वेळेवर घेतली जाते का? भाकरी-ठेचा नसला तर पोट किती दिवस साथ देतं? दोघांपैकी कोण लवकर चिडतं? घरी आल्यावर ही उत्तरं वहीत लिहून ठेवा. खोली घेताना काय विचारायचं, रोज किती ठिकाणं पाहायची, हे त्यावरून ठरतं. माझ्या मते दिवसाला एक ठिकाण आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण आराम.

सहावं : तिकीट

रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. उरली आहे ती खालच्या बर्थची सोय. साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या महिला यांच्यासाठी वेगळा कोटा आहे. पण तो एकट्याला किंवा एका तिकिटावर दोघांनाच मिळतो. हौसेने नातवाचं नाव त्याच तिकिटात घातलं की कोटा गेला आणि आजोबा वरच्या बर्थवर. नातवाचं तिकीट वेगळं काढा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. वेटिंगच्या भरवशावर या वयात निघू नका.

एसटीत पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, आणि महिलांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. इंदूरच्या गाडीत बसलात तर हद्दीपुढचे पूर्ण पैसे लागतील. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, जन्मतारीख बरोबर छापलेली आहे ना तेही पाहा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. साठीपुढच्यांना एका यात्रेसाठी ३०,००० रुपयांपर्यंत मदतीची त्यात तरतूद आहे.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुणा एजंटाकडून कधीही घेऊ नका. ते रेल्वेच्या आयआरसीटीसीमार्फतच विकलं जातं. त्याच्या नावाच्या खोट्या वेबसाइटी पुष्कळ आहेत. यात्रेची नोंदणी मुलाकडून किंवा पुतण्याकडून उत्तराखंड सरकारच्या अधिकृत वेबसाइटवर करून घ्या.

सातवं : टूर की स्वतः?

भाषा, जेवण, सामान यांची काळजी नको असेल तर टूर बरी. केसरी, वीणा वर्ल्ड अशा मराठी कंपन्या ज्येष्ठांच्या सहली काढतात. पण त्यांचा हिशेब बहुतेकदा मुंबई-पुण्यापासून सुरू होतो. नरडाण्याहून तिथवर जाणं, आदल्या रात्रीचा मुक्काम आणि परतीची रात्र, हे भाड्यात मिळवा आणि मग महाग-स्वस्त ठरवा. गावातल्या हौशी बसवाल्याची यात्रा स्वस्त असते, पण बारा दिवसांत सतरा ठिकाणं करते. रात्रभर बस आणि सकाळी सुलभ शौचालयात अंघोळ, हे पन्नाशीत चालतं.

पत्रक हातात आलं की चार गोष्टी लेखी मागा : हॉटेलला लिफ्ट आहे का, रात्री बसप्रवास किती, ‘दर्शन’ म्हणजे आत की बाहेरून, आणि आजारी पडून रद्द केलं तर किती पैसे परत.

आठवं : पैसे, औषधं, घर

ग्रॅच्युइटीला हात लावू नका. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे असतील तर दर तीन महिन्यांनी व्याज येतं. ऑक्टोबर आणि जानेवारीचं व्याज प्रवासाला, एप्रिल-जुलैचं घराला, अशी वाटणी करता येते. शेतकऱ्याने कापूस विकला त्याच दिवशी प्रवासाचे पैसे बाजूला काढावेत, नाहीतर ते खतात जातात.

औषधं दोन पिशव्यांत, एक अंगाशी. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. सत्तरीपुढच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून सोबत ठेवावं, ५ लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे. दारातली म्हैस आणि घराची किल्ली एकाच माणसाकडे द्या, दोघांकडे दिली की दोघंही विसरतात.

संक्रांतीनंतर काशीला निघायचं असेल तर तिकीट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उघडतं. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जालच, त्याच फेरीत आरक्षणाच्या खिडकीवरही जाऊन या.