निवृत्तीनंतरची पायवाट

जबलपूर शहरातील सिव्हिल लाइन्स हा भाग, उत्तर व मध्य हिंदुस्थानातील त्याच नावाच्या इतर वस्त्यांप्रमाणे, इंग्रजी अमदानीत मुलकी अधिकाऱ्यांच्या निवासासाठी वसविण्यात आला. रेल्वे स्थानक येथून जवळ आहे. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपूर येथेच एकमेकांस जोडण्यात आले. पुढे १९५६ साली मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय याच शहरात स्थापन झाले. न्यायालय, रेल्वे, महाविद्यालये आणि सरकारी कचेऱ्या यांच्या आसपास वाढलेल्या अशा वस्तीत निवृत्त माणसांची संख्या मोठी असणे स्वाभाविकच होय. आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर चाललेला मनुष्य एके दिवशी हार-तुरे घेऊन घरी येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोठेही जावयाचे नसते. घरची माणसे प्रेमाने सांगतात, ‘पुष्कळ केलेत, आता विश्रांती घ्या.’ हा सल्ला शरीरशास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम निवृत्तीच्या वयाकडेच पाहू. केंद्र सरकारच्या सेवेत ते एके काळी ५५ वर्षे होते. १९६२ मध्ये ते ५८ झाले आणि १९९८ मध्ये ६०. या काळात मानवी हृदय, स्नायू किंवा अस्थी यांच्या रचनेत काही फरक पडला नव्हता, हे सांगावयास नको. निवृत्तीचे वय हा प्रशासकीय सोयीचा आकडा आहे. तथापि माणसे त्या आकड्यालाच निसर्गाचा हुकूम समजतात व त्या दिवसापासून म्हाताऱ्यासारखी वागू लागतात.

याचा अर्थ निसर्गाचा हुकूम मुळी नसतोच, असा मात्र नव्हे. वयाच्या तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. त्यातही जलद आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात. ठेच लागल्यावर क्षणार्धात पाऊल पुढे टाकून तोल सावरण्याचे काम मुख्यतः याच तंतूंकडे असल्यामुळे, ताकदीपेक्षा चपळाई अगोदर कमी झाल्याचे वृद्धांना जाणवते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती वर्षागणिक थोडीथोडी उतरते व ती कोणत्याही व्यायामाने पूर्ववत होत नाही. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकते, ती क्षमताही दर दशकात सुमारे १० टक्क्यांनी कमी होत जाते. घामाच्या ग्रंथी मंदावतात. तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून शरीराला पाण्याची गरज असूनही वृद्ध माणूस पाणी मागत नाही.

परंतु ही सर्व घट केवळ वयाने होते, की बसून राहिल्याने? या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे करण्यात आला. सुमारे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. तीन आठवड्यांअखेर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरली होती. तीस वर्षांनंतर, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना शोधून काढून त्यांची पुन्हा तपासणी करण्यात आली. आता ते पन्नाशीचे झाले होते, वजने वाढली होती, पोटे सुटली होती. तरीही तीस वर्षांत मिळून झालेली घट, तरुणपणी तीन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने झालेल्या घटीच्या निम्म्याहूनही कमी भरली. एवढेच नव्हे, तर चालणे, संथ धावणे आणि स्थिर सायकल यांचा सहा महिने क्रमाक्रमाने वाढविलेला अभ्यास दिल्यावर ते पाचही जण विशीतील आपल्या मूळ पातळीपर्यंत परत आले. अर्थात हृदयाची कमाल गती परत आली नाही. रक्तातून प्राणवायू शोषून घेण्याचे स्नायूंचे सामर्थ्य मात्र वाढले, आणि त्यामुळे उणीव भरून निघाली. आणखी दहा वर्षांनी, साठीत, त्यांची पुन्हा पाहणी झाली तेव्हा घट बरीच वाढलेली दिसली. चाळीस वर्षांतील एकूण ऱ्हास आता त्या तीन आठवड्यांच्या ऱ्हासाइतका झाला होता. पाच माणसांवरून सर्व मानवजातीविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल, हे खरे; पण विश्रांती ही निरुपद्रवी वस्तू आहे, ही समजूत या प्रयोगानंतर टिकू शकत नाही.

वय फार झाले की अभ्यासाचा उपयोग होत नाही, असाही एक समज आहे. १९९० साली बॉस्टन येथील एका वृद्धाश्रमातील, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंनी वजन उचलण्याचा सराव देण्यात आला. एक जण मध्येच थांबला. उरलेल्या नऊ जणांची त्या स्नायूंची ताकद सरासरी पावणेतीन पटींच्या घरात गेली. मोठी वाढ दिसण्याचे एक कारण असे की आरंभीची ताकद अगदीच अल्प होती. परंतु खुर्चीतून हात न टेकता उठता येणे आणि न येणे यांतील अंतर ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना त्या अल्पाचे मोल कळेल.

आपल्याकडे प्रौढ वयात दीर्घ पदयात्रेला निघालेल्यांत विनोबा भावे यांचे उदाहरण ठळक आहे. कोकणातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनोबा १९५१ च्या वसंतात तेलंगणात पायी हिंडू लागले, तेव्हा त्यांचे वय ५५ होते, म्हणजे सरकारी सेवक त्या काळी ज्या वयात घरी बसत, नेमके तेच. प्रकृती मुळात सुदृढ नव्हती. पोटाचा विकार जुना होता. तरीही भूदानासाठी ते तेरा वर्षांहून अधिक काळ चालत राहिले. पहाटे अंधारात निघावे, ऊन चढण्यापूर्वी पुढचे गाव गाठावे, दिवसा लोकांशी बोलावे आणि लवकर निजावे, हा त्यांचा क्रम. आरोग्याच्या दृष्टीने पाहता त्यात श्रम, विसावा आणि मिताहार यांचा मेळ आपोआपच साधला गेला होता. पण ते चालले ते आरोग्यासाठी नव्हे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. केवळ रक्तदाब उतरावा म्हणून रोज घराभोवती फेऱ्या मारणारा मनुष्य पावसाळा लागताच थांबतो. ज्याला कोठेतरी पोहोचावयाचे असते तो छत्री उघडतो.

जबलपूरला या संदर्भात आणखी एक उदाहरण घरचेच आहे. चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड यांचा जन्म १९२८ साली जबलपुरातील एका गुजराती कुटुंबात झाला. शांतिनिकेतनात नंदलाल बसू यांच्या हाताखाली शिकून ते परत आले आणि त्यांनी जबलपुरातच कलाशिक्षकाचे काम केले. शहराच्या दक्षिणेस ग्वारीघाट, तेथे नर्मदा. लहानपणापासून पाहिलेल्या या नदीच्या काठाने पायी चालावयाचे त्यांनी ठरविले, तेव्हा १९७७ साल उजाडले होते आणि वयाची ४९ वर्षे पुरी होत होती. पहिला टप्पा जबलपूर ते मंडला.

नर्मदा परिक्रमेची परंपरा महाराष्ट्रातील वाचकांस सुपरिचित आहे. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला उजवी घालून, पात्र कोठेही न ओलांडता, दोन्ही काठांनी चालावयाचे असते. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात. नोकरी करणाऱ्या संसारी माणसाला एवढा अवकाश कोठून मिळणार? वेगड यांनी त्यावर काढलेला तोडगा साधा होता: यात्रा तुकड्यातुकड्यांनी करावयाची. सवड मिळेल तेव्हा काही दिवस चालावे, जेथे थांबलो ते गाव लक्षात ठेवावे, आणि पुढच्या खेपेस तेथूनच पुढे निघावे. सोबतीला कधी विद्यार्थी, कधी मित्र. कर्मठ परिक्रमावासी याला परिक्रमा म्हणतील की नाही, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. शरीराच्या बाजूने पाहता ही पद्धत पन्नाशीच्या माणसाला अतिशय अनुकूल अशीच होती. श्रमाने स्नायूंत सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत ती भरून निघताना स्नायू अधिक बळकट होतो. वय वाढते तसा या दुरुस्तीला लागणारा वेळ वाढतो. दोन टप्प्यांमधील महिने शरीराच्या उपयोगी पडत असत.

१९८७ पर्यंत, म्हणजे साठी जवळ येईतो, त्यांनी नदीकाठचा फार मोठा भाग पालथा घातला होता. त्यातून ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हे पुस्तक आणि त्याच्या भावंडासारखी आणखी पुस्तके निर्माण झाली. त्यातील गुजराती पुस्तकास २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घाटांवर केलेली रेखाटने घरी आल्यावर रंगीत कागदांच्या तुकड्यांनी चिकटचित्रांत उतरत. पुढे पंचाहत्तरीच्या सुमारास ते पुन्हा निघाले. या वेळी पत्नी कांता याही त्यांच्या बरोबर चालत होत्या. २०१८ च्या जुलैत, नव्वदीला काही महिने उरले असता, त्यांचे निधन झाले.

अशा चालण्यात शरीराच्या आत काय घडते, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. पोटरीचे स्नायू आवळले की पायांतील शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. बैठ्या माणसाच्या पायांना संध्याकाळी सूज येते ती हा पंप बंद राहिल्यामुळे. गुडघ्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाऊल पडताना ती दाबली जाते, उचलताना मोकळी होते, आणि या दाबण्या-सुटण्यातून सांध्यातील द्रव तिच्यात झिरपून तिचे पोषण होते. म्हणून ‘चालून गुडघे झिजतील’ ही सर्वसाधारण भीती अनाठायी आहे. वाढलेले वजन व जुनी दुखापत यांचा धोका त्याहून मोठा. नदीकाठची वाट डांबरी रस्त्यासारखी सपाट नसते. वाळू, गोटे, चिखल, चढ, उतार यांमुळे घोट्याला क्षणोक्षणी नवा हिशेब करावा लागतो. डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय आणि तळपायांची संवेदना या तिघांच्या वार्ता मेंदूत एकत्र येऊन तोल सांभाळला जातो, आणि न वापरल्यास हे कौशल्य मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली केलेल्या शिफारशींत पासष्टीनंतरच्या व्यक्तींसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचे चालणे सांगितले आहेच. त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद यांचा अभ्यासही सुचविला आहे. सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर सकाळी फिरणाऱ्याचा पहिला भाग पुरा होतो, दुसरा बहुधा राहून जातो.

धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. जपानचे युइचिरो मिउरा २०१३ साली ८० व्या वर्षी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले, ही गोष्ट वृत्तपत्रांनी जगभर सांगितली. नेपाळचे मिन बहादूर शेरचन यांनी तेच शिखर २००८ मध्ये ७६ व्या वर्षी गाठले होते. मिउरांचा विक्रम मोडण्यासाठी २०१७ मध्ये ८५ व्या वर्षी ते पुन्हा गेले, आणि पायथ्याच्या तळावरच त्यांचा अंत झाला. विक्रमाची ओढ आणि साहसाची ओढ या दोन निराळ्या गोष्टी असून, उतारवयात पहिली अधिक घातक ठरण्याचा संभव आहे. विक्रम करणारा शरीराकडे दुर्लक्ष करून आकड्याकडे पाहतो. तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्याला आज दोन कोस कमी चालण्यात कमीपणा वाटत नाही. छातीत दडपण, चालताना येणारी घेरी, पूर्वी नसलेला दम, ही लक्षणे दिसल्यास वैद्यकीय तपासणीवाचून निघू नये. रक्तदाबाच्या काही औषधांनी मूत्राचे प्रमाण वाढते व उन्हात पाणी लवकर घटते, हेही ध्यानात ठेवणे अवश्य. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. लांबच्या चालीस कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम, आणि पाणी तहान लागण्याची वाट न पाहता ठराविक अंतराने प्यावे.

चालणाऱ्याचे वय वाढत असता वाटही बदलते. वेगड पहिल्या खेपेस निघाले तेव्हा जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरणाचे काम चालू होते. १९९० मध्ये ते पुरे झाले आणि जबलपूर-मंडला मार्गावरील काठाचा मोठा भाग, गावे, शेते व घाट यांसह, जलाशयाखाली गेला. खाली इंदिरा सागर, ओंकारेश्वर व सरदार सरोवर यांनी तेच घडविले. १९७७ साली ज्या पायवाटेने काही माणसे झोळ्या खांद्याला लावून मंडल्याकडे गेली, तिचे बरेचसे अंतर आज पावलांनी मोजता येत नाही. त्या बाजूला निघणाऱ्यास जलाशयाला वळसा घालून, वरच्या टेकड्यांतील गावागावांतून विचारीत विचारीत, पुष्कळ लांबचा रस्ता धरावा लागतो.