कर्करोगानंतरचे आयुष्य : अड्यारने दिलेला धडा

सन १९२३ मध्ये मद्रास येथील डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या धाकट्या भगिनीचे कर्करोगाने निधन झाले. स्वतः डॉक्टर असूनही त्या तिला वाचवू शकल्या नाहीत. या दुःखातून त्यांनी कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालयाचा ध्यास घेतला. विमेन्स इंडियन असोसिएशनच्या प्रयत्नांतून १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि १९५४ मध्ये अवघ्या बारा खाटांनिशी अड्यार येथील कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढच्याच वर्षी येथे रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी २०२१ मधील आपल्या निधनापर्यंत ही संस्था हेच आपले घर मानले. पैशाअभावी कोणी उपचारांपासून वंचित राहू नये, हे या संस्थेचे ब्रीद.

विषमतेचे गणित

कर्करोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हटले जाते. आकडे मात्र वेगळेच सांगतात. भारतातील कर्करोगमृत्यूंचा देशव्यापी अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३० ते ६९ वयोगटातील निरक्षर पुरुषांमध्ये हे मृत्यू दर लाखामागे सुमारे १०७, तर सर्वाधिक शिकलेल्यांमध्ये सुमारे ४६ होते. स्त्रियांचे चित्रही जवळपास असेच होते.

ही तफावत टप्प्याटप्प्याने वाढत जाते. कष्टाच्या कामात भूक मारण्यासाठी तंबाखूची सवय लागते. तोंडातील पांढरा चट्टा दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहतो. तपासणीस जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. निदान उशिरा होते आणि खर्च वाढतो. थोडे बरे वाटताच उपचार अर्धवट सोडले जातात. व्यसन हा व्यक्तीचा दोष मानून आपण मोकळे होतो. पण त्यामागील परिस्थितीकडे पाहिल्याशिवाय ते सुटत नाही. म्हणूनच अड्यारच्या संस्थेत २००२ पासून तंबाखूमुक्तीसाठी स्वतंत्र केंद्र चालविले जाते.

उपचारांनंतर काय?

उपचार संपले म्हणजे लढाई संपली असे नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. केमोथेरपीनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करणाऱ्या गटात मृत्यूचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळला. चालण्यास पैसे लागत नाहीत हे खरे. पण त्यासाठी वेळ, सुरक्षित रस्ता आणि धीर देणारे कोणीतरी लागते. दोन पाळ्यांत राबणाऱ्या गृहिणीला यांपैकी काय मिळते? चांगल्या सवयींची संधीदेखील समाजात सारखी वाटलेली नाही.

आशेचा किरण

ही दरी बुजविता येते, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. एचपीव्ही विषाणूची केवळ एक तपासणी आणि त्यानुसार उपचार मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. गावापर्यंत तपासणी पोहोचली, तर अशिक्षित स्त्रीही वाचते.

आपली भूमिका

मुदतीपूर्वी ठेव मोडण्यासाठी काउंटरवर येणारा ग्राहक अनेकदा आजारपणाने हवालदिल झालेला असतो. त्याची विचारपूस करून काम लवकर करून देणे हीदेखील सेवाच होय. ग्राहकांनी प्रकृती ठणठणीत असतानाच आरोग्य विमा घ्यावा, खात्यांवर नामनिर्देशन करावे आणि आजारपणासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. घरकाम करणाऱ्या मावशींना, वाहनचालकाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या स्लीपर वर्गात भाड्यात पूर्ण सवलत मिळते, हेही सांगावे.

तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, स्तनातील गाठ वा अकारण रक्तस्राव दिसल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. बचतीप्रमाणेच आरोग्याच्या बाबतीतही वेळेवर उचललेले पाऊलच मोलाचे ठरते. आणि ते उचलण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही, त्याला हात देणे हे आपले कर्तव्य ठरते.