जुना लॅपटॉप : कारण आणि उपाय

दुःखाला कारण असते आणि कारण नाहीसे झाले की दुःखही सरते, हा तथागतांचा उपदेश आपण विद्यालयात शिकलो. तापणाऱ्या, संथ झालेल्या लॅपटॉपकडेही आपण त्याच दृष्टीने पाहू या.

आपले केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. अशी बारीक भुकटी वा वाटेवरची धूळ लॅपटॉपच्या पंख्यात साचली की हवेची वाट अडते व उष्णता आत कोंडते. तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचताच प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग घटवतो.

म्हणून प्रथम यंत्र बंद करून चार्जर काढावा. पंखा फिरू न देता ब्लोअरने जाळी स्वच्छ करावी. यंत्र गादीवर न ठेवता सपाट फळीवर ठेवावे. तरीही तापल्यास जाणकाराकडून वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. यंत्र थंड असूनही संथ असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्के दिसत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. बॅटरी फुगली असल्यास मात्र वापर तत्काळ थांबवावा.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना नवा लॅपटॉप परवडत नाही. भंगारात टाकण्यापूर्वी आपण जुने यंत्र दुरुस्त करून, त्यातील खासगी माहिती पुसून वसतिगृहास दिले, तर तेही दानच ठरेल.