दुसऱ्या डॉक्टरांकडे काय न्यावे

कर्करोगाचे निदान बहुतेक वेळा एका लहानशा तुकड्यावर उभे असते. गाठीतून काढलेला हा तुकडा प्रयोगशाळेत मेणात बसवतात. प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटवरचा तो मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काचेच्या स्लाइडवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पॅथॉलॉजिस्ट रिपोर्ट लिहितात. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, पुढचे सगळे त्यावर ठरते. म्हणून सेकंड ओपिनियन आधी तुकड्याबद्दल घ्यावे, उपचारांबद्दल नंतर.

अनेक कुटुंबांचे पाऊल इथेच चुकते. रिपोर्टांच्या झेरॉक्स घेऊन नातेवाईक परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतात, आणि तिथे ब्लॉक व स्लाइड मागितल्या जातात. त्या गावाकडच्या लॅबमध्येच राहिलेल्या असतात. कुणाला तरी परत धाडावे लागते आणि आधीच धास्तावलेल्या घराचे आणखी काही दिवस वाट पाहण्यात जातात. नुसता कागद दाखवून मिळालेले मत तर पहिल्याच निष्कर्षावर बेतलेले असते. मूळ वाचन चुकले असेल, तर ती चूक दुसऱ्या फाइलमध्येही तशीच उतरते.

निघण्यापूर्वी ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्याव्यात व त्यांवरचा क्रमांक रिपोर्टाशी जुळवून पाहावा. उन्हात उभ्या गाडीत ब्लॉक ठेवू नये. मेण मऊ पडते. सीटी किंवा एमआरआयची सीडीही घ्यावी, कारण फिल्मवर निवडक छेदच असतात. रुग्णालयाचे कागद मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही. वैद्यकीय आचाराच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्कही आहे. तरीही ‘डॉक्टरांना काय वाटेल’ या भिडेपोटी कितीतरी जण गप्प राहतात. ही भीड रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

निदानच निसटू शकते असे एक उदाहरण आपल्याकडे नेहमीचे आहे: मानेतली गाठ. ती क्षयाची असू शकते, लिम्फोमाची म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचीही. सुईने काढलेल्या पेशींवरून लिम्फोमाचे पक्के निदान करणे अवघड असते. त्यासाठी शक्यतो संपूर्ण गाठ काढून तपासतात. नुसत्या अंदाजावर एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू झाली आणि गाठ कमी होण्याऐवजी वाढत राहिली, तर कोर्स संपण्याची वाट न पाहता गाठीचा तुकडा काढून तपासायला हवा.

सगळ्याच आजारांत दुसऱ्या मतासाठी सवड नसते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, तीव्र रक्तकर्करोग यांत उपचार आधी सुरू होऊ द्यावेत. स्तन किंवा आतड्याच्या कर्करोगात मात्र बहुधा आठ-पंधरा दिवसांनी बिघडत नाही. तरी ‘किती थांबता येईल’ हे पहिल्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. पुष्कळ घरांत आजार रुग्णापासून लपवतात. मुलगा किंवा जावई फाइल घेऊन शहरात जातो आणि रुग्ण घरीच राहतो. गाठ हाताला कशी लागते, माणूस किती चालू शकतो, उपचार त्याला झेपतील का, हे फाइल सांगत नाही. शिवाय शरीर त्याचे आहे. कोणता उपचार घ्यायचा हे ठरवताना तो तिथे असलाच पाहिजे.

दोन मते जुळली नाहीत, तर फरक नेमका कशात आहे हे विचारावे: निदानात, टप्प्यात की उपचारांत. निदानात असेल तर तिसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड वाचून घ्याव्यात. उपचारांत असेल तर सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात अशा ट्यूमर बोर्डासमोर केस ठेवायला सांगावे. दुसरे मत लेखी घेऊन त्याची प्रत पहिल्या डॉक्टरांनाही द्यावी, म्हणजे उपचार गावातच घ्यायचे ठरले तरी ते त्या मतानुसार करता येतात.