नकाशाच्या फरशा आणि मोबाइलचा पडदा

मोबाइलवर रामकुंड शोधताना दिसणारा नकाशा सलग नसतो, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? तो चौकोनी तुकड्यांचा, जणू फरशांचा, जुळवलेला असतो. एका फरशीत बहुधा २५६ × २५६ ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात. शून्य पातळीवर सारे जग एकाच फरशीत मावते. पुढे प्रत्येक पातळीला एकीच्या चार होतात. १५ व्या पातळीवर विषुववृत्ताच्या ४०,०७५ किलोमीटरांचे ३२,७६८ भाग पडतात. एका भागाला २० अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.९४ ने, गुणून पाहा : नाशिकजवळची फरशी सुमारे १.१५ किलोमीटर रुंद भरते.

आता खरी अडचण. हल्लीच्या दाट पडद्यांवर जुन्या एका ठिपक्याच्या जागी २ × २ किंवा ३ × ३ ठिपके असतात. तीच फरशी ताणली, की पंचवटीतल्या गल्ल्यांची नावे पुसट होतात. सिंहस्थाच्या गर्दीत हे कसे परवडावे? १६ व्या पातळीच्या चार फरशा निम्म्या करून बसवल्या, तर रेषा रेखीव येतात, पण अक्षरे मुंगीएवढी! म्हणून त्याच जागेसाठी ५१२ × ५१२ ठिपक्यांची, दुप्पट ठिपक्यांच्या अक्षरांची फरशी वेगळी काढतात. ठिपके मात्र एकूण चौपट. दुसरी युक्ती अधिक नामी : चित्र न धाडता रस्त्यांचे निर्देशक व नावे धाडायची आणि रेखाटन मोबाइलवरच सोपवायचे.